एर्न्स्ट अ‍ॅबे : दुर्बिणीमागचा माणूस

फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये रिझॉल्व्हिंग पॉवरचं सूत्र आपण सगळ्यांनीच घोकलेलं असतं. आदल्या रात्री पाठ, पेपर झाला की पाटी कोरी. ज्यांनी ऑप्टिक्सचं पुस्तक दोन पानं जास्त उलटलं असेल त्यांना ‘अ‍ॅबे नंबर’ हा शब्दही आठवत असेल. बायोलॉजीच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाच्या स्टेजखाली जो कंडेन्सर असतो, तोही ‘अ‍ॅबे कंडेन्सर’. आणि घरातले आजी-आजोबा निवृत्त झाल्यावर गळ्यात दुर्बीण अडकवून पहाटे पक्षी बघायला निघत असतील, तर त्या दुर्बिणीतही याच माणसाचा हात आहे.

कोण होता हा अ‍ॅबे? एका गिरणी कामगाराचा मुलगा. पुढे प्राध्यापक झाला, नंतर कारखान्याचा मालक झाला आणि शेवटी तो कारखाना स्वतःच्या हाताने देऊन टाकून मोकळा झाला. त्याची गोष्ट इंजिनिअर होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावी, म्हणून हा लेखप्रपंच.

गिरणीतलं जेवण

एर्न्स्ट अ‍ॅबे यांचा जन्म २३ जानेवारी १८४० रोजी जर्मनीतल्या थुरिंगिया भागात, आयझेनाख या गावी झाला. वडील सूतगिरणीत कामाला. कामाचे तास किती? धंदा मंद असला तर चौदा, तेजीत असला तर सोळा. तेही उभ्याने, आणि मध्ये जेवणाची सुट्टी नाही. पाच ते नऊ वर्षांचा असताना एर्न्स्ट आणि त्याची धाकटी बहीण आळीपाळीने वडिलांचा डबा घेऊन गिरणीत जात. वडील यंत्राला टेकून उभ्या उभ्याच भराभर जेवत, भांडं पोराच्या हातात परत देत आणि लगेच कामाला लागत.

वडील चांगले उंचेपुरे, धट्टेकट्टे होते. तरी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते पार म्हातारे दिसू लागले. त्यांच्यासोबतचे जे अंगाने किरकोळ होते, ते तर अडतिशीतच म्हातारे झाले. त्या पोराने हे सगळं डोळ्यांनी बघितलं आणि आयुष्यभर लक्षात ठेवलं. या गोष्टीकडे आपण शेवटी परत येऊ.

मुलगा हुशार. वडिलांच्या मालकांनी शिक्षणाला मदत केली. १८५७ मध्ये शाळा संपवून एर्न्स्ट येना विद्यापीठात गेला आणि तिथून ग्योटिंगेनला. ग्योटिंगेनमध्ये त्याला शिकवायला कोण होते बघा : गणितात रीमान आणि भौतिकशास्त्रात वेबर! १८६१ मध्ये उष्णता आणि यांत्रिक कार्य यांच्या संबंधावर प्रबंध लिहून त्याने डॉक्टरेट मिळवली. तेव्हा वय अवघं एकवीस. पुढे १८६३ मध्ये निरीक्षणांमधल्या चुकांच्या गणितावर दुसरा प्रबंध लिहून तो येनामध्ये व्याख्याता झाला. पगार बेताचा, पण डोकं तल्लख.

झाइसचा दरवाजा

येनामध्येच कार्ल झाइस नावाचे एक कारागीर होते. १८४६ मध्ये त्यांनी छोटं वर्कशॉप काढलं होतं आणि सूक्ष्मदर्शक बनवण्यात नाव मिळवलं होतं. पण तेव्हा भिंगं बनायची कशी? एक भिंग घासायचं, दुसऱ्यासमोर धरायचं, बघायचं. नाही जमलं तर दुसरं घ्यायचं, अंतर बदलायचं, परत बघायचं. निव्वळ अंदाजपंचे कारभार. उस्ताद कारागिराच्या हाताला कधी अप्रतिम जोडी लागायची, पण तशीच दुसरी जोडी बनेल याची खात्री नाही. झाइसना हे खटकत होतं. आधी गणित मांडावं आणि मग भिंग घासावं, असं त्यांच्या मनात होतं. १८६६ मध्ये ते सव्वीस वर्षांच्या अ‍ॅबेंकडे गेले.

इथे कोणाला वाटेल, झालं, प्रोफेसरांनी सूत्र मांडलं आणि सगळे प्रश्न सुटले. तसं मुळीच झालं नाही. अ‍ॅबेंनी गणिताने काढलेली पहिली भिंगं जुन्या अंदाजपंचे भिंगांपेक्षा वाईट निघाली! प्रतिमेतले दोष कमी व्हावेत म्हणून त्यांनी भिंगात शिरणारा प्रकाशाचा शंकू अरुंद ठेवला होता. दोष कमी झाले खरे, पण बारीक तपशीलही नाहीसे झाले. असं का झालं याचा पिच्छा पुरवताना त्यांच्या लक्षात आलं, की प्रकाश ही लहर आहे, बारीक वस्तूवरून जाताना तिचं विवर्तन होतं, आणि ते बाजूला फाकलेले किरण भिंगात शिरलेच नाहीत तर तपशील दिसणारच नाही. मग भिंग कितीही निर्दोष असो.

१८७३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात कमीत कमी किती अंतर हवं, ते प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि भिंगात शिरणाऱ्या शंकूच्या कोनावर ठरतं. हेच ते सूत्र. येनामधल्या त्यांच्या स्मारकावर आज ते कोरलेलं आहे. आपण मात्र ते दोन मार्कांसाठी लिहितो!

याचा अर्थ साध्या भाषेत असा : नुसतं मोठं करून काही होत नाही. आधी प्रकाश आणि त्यातली माहिती आत यायला हवी. जी आत आलीच नाही तिला दहापट करा की हजारपट करा, मिळणार फक्त मोठ्ठा धुरकट ठिपका. दुर्बीण घेतानाही ही गोष्ट उपयोगी पडते, तेव्हा ती डोक्यात ठेवूनच पुढे जाऊ.

काच हवी, काच!

१८७२ पर्यंत झाइसचे सगळे सूक्ष्मदर्शक अ‍ॅबेंच्या गणितावर बनू लागले. १८७६ मध्ये झाइसनी त्यांना भागीदार करून घेतलं. मधल्या काळात, १८७१ मध्ये, त्यांनी येनामधलेच प्राध्यापक स्नेल यांची मुलगी एल्झे हिच्याशी लग्न केलं. बर्लिनहून खुद्द हेल्महोल्ट्झ यांनी नोकरी देऊ केली होती, तीही त्यांनी नाकारली. येना सोडायचं नाही, हे ठरलेलं.

पण गणित पुढे गेलं तरी काच मागेच होती. लोलकातून पांढरा प्रकाश गेला की रंग फाकतात, तसे ते भिंगातूनही फाकतात. हा दोष घालवायचा तर वेगवेगळ्या गुणांच्या काचा एकमेकींना जोडाव्या लागतात. कोणती काच रंग किती फाकवते हे मोजायला जो आकडा वापरतात तोच अ‍ॅबे नंबर. आकडा मोठा असेल तर रंग कमी फाकतात, लहान असेल तर जास्त. आज सगळीकडे मिळणाऱ्या साध्या क्राउन काचेचा हा आकडा सुमारे ६४ असतो. त्या काळी काचांचे प्रकारच मोजके होते. गणित म्हणे अशी काच हवी, आणि बाजारात ती मिळेना.

१८७९ मध्ये ऑटो शॉट नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने नवीन प्रकारच्या काचेचा नमुना अ‍ॅबेंना पाठवला. पुढे शॉट येनामध्ये आले आणि १८८४ मध्ये अ‍ॅबे, शॉट आणि झाइस पिता-पुत्र यांनी मिळून काचेची प्रयोगशाळा काढली. कारागीर, गणिती आणि रसायनतज्ज्ञ असे तीन निरनिराळे लोक एकत्र आले आणि १८८६ मध्ये रंगदोष जवळजवळ नाहीसा करणारी भिंगं बाजारात आली. त्याआधीच १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला होता, तेव्हा त्यांच्या टेबलावर झाइसचा सूक्ष्मदर्शक आणि अ‍ॅबेंचा कंडेन्सर होता. इंजिनिअरचं काम कुठून कुठे पोचतं, ते बघा.

दुर्बीण आली

आता दुर्बिणीकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत पक्षी ओळखायचा सरळ मार्ग म्हणजे बंदूक. पाडायचा आणि हातात घेऊन बघायचा. १८८९ मध्ये अमेरिकेत फ्लॉरेन्स मेरियम या तरुणीने नाटकाच्या दुर्बिणीतून पक्षी बघण्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा ती कल्पनाच नवी होती. पण नाटकाची दुर्बीण गॅलिलिओच्या पद्धतीची. ती तीन-चार पटींपर्यंतच बरी. त्याच्या वर गेलं की दिसणारा भाग चाळणीच्या भोकाएवढा होतो.

केप्लरच्या पद्धतीच्या दुर्बिणीत दृश्य मोठं आणि छान दिसतं, पण उलटं. झाड खाली, मुळं वर! ते सुलट करायला १८५४ मध्ये पोरो या इटालियन माणसाने दोन काटकोनी लोलकांची युक्ती काढली होती. लोलकात किरण आतल्या बाजूने ४५ अंशांवर आपटतो. साध्या काचेचा क्रांतिक कोन सुमारे ४१ अंश. म्हणजे आरशाशिवाय पूर्ण आंतरिक परावर्तन. चार परावर्तनांत प्रतिमा सुलट होते आणि वाट घडी घातल्यासारखी होऊन नळीही आखूड होते. कल्पना झकास, पण तेव्हाची काच इतकी गढूळ की लोलकातून जाता जाता बराचसा प्रकाश खलास.

अ‍ॅबेंनाही हीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली आणि १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात त्यांनी तसं उपकरण मांडलंही. पण काच नाही म्हणून काम तिथेच थांबलं. वीस वर्षांनी शॉट यांची स्वच्छ काच हातात आल्यावर त्यांनी ते पुन्हा काढलं. १८९३ मध्ये पेटंटचा अर्ज केला तेव्हा कळलं, की लोलकांचं श्रेय पोरो यांचं. त्याबद्दल पेटंट मिळालं नाही. पेटंट मिळालं ते वेगळ्याच गोष्टीचं : लोलकांमुळे पुढची दोन भिंगं डोळ्यांपेक्षा जास्त अंतरावर ठेवता येतात, त्यामुळे दोन डोळ्यांना किंचित वेगळी दृश्यं मिळतात आणि खोली जास्त कळते. फांदीच्या पुढे बसलेला पक्षी पानांपासून सुटा दिसतो, तो या करामतीमुळे. १८९४ मध्ये विक्री सुरू झाली. मॉडेल तीन : ४×११, ६×१५ आणि ८×२०.

आजोबांसाठी दुर्बीण

हे आकडे आजही दुर्बिणीवर असेच छापलेले असतात. पहिला आकडा म्हणजे किती पट, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानात गेलं की आपण काय विचारतो? जास्त पटींची दाखवा! भिगवणला पाण्यात लांबवर रोहित उभे असतात, ते जवळ दिसायला हवेत, म्हणून २०×५० उचलतो आणि आजोबांच्या हातात देतो. चार दिवसांत ती दुर्बीण कपाटात जाते आणि आजोबा म्हणतात, माझेच डोळे गेले. डोळे गेलेले नसतात. चुकीचा आकडा निवडलेला असतो.

आता अ‍ॅबेंच्या पद्धतीने, म्हणजे गणित मांडून बघू. व्यासाला पटींनी भागलं की आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. हिला एक्झिट प्युपिल म्हणतात. ८×४२ ला सव्वापाच मिमी, १०×४२ ला ४.२, ८×३२ ला ४, आणि अ‍ॅबेंच्या मूळ ८×२० ला फक्त अडीच. हा झोत डोळ्याच्या बाहुलीतून आत जायचा असतो. विशीत आपली बाहुली अंधारात सुमारे सात मिमीपर्यंत उघडते. पन्नाशीत साधारण पाच, आणि सत्तरीच्या पुढे बहुतेकांची चार किंवा त्याहूनही कमी. माणसागणिक फरक असतो, पण दिशा हीच.

याचा अर्थ काय? ७×५० ची दुर्बीण सात मिमी जाडीचा झोत देते. तरुण खलाशाला ती रात्री समुद्रावर उत्तम. सत्तरीच्या आजोबांच्या चार मिमी बाहुलीत मात्र त्यातला मधलाच भाग शिरतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतं, म्हणून चाराचा वर्ग सोळा आणि साताचा एकोणपन्नास, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. बाकीच्या प्रकाशासाठी घेतलेलं काचेचं वजन आजोबा उगीचच मानेवर वागवतात. दुसऱ्या टोकाला, १०×२५ ही खिशातली दुर्बीण अडीच मिमीच देते. भर उन्हात चालेल, पण कर्नाळ्याच्या दाट झाडीत सकाळी सहाला अंधारच. शिवाय झोत इतका बारीक की हात जरा हलला की चित्र काळं. म्हणून मधली वाट बरी : चार ते सव्वापाच मिमी. बाहुलीपेक्षा झोत किंचित जाड असला तर डोळा नेमक्या जागी आणायला त्रास पडत नाही.

पटींचं काय? हाताचं कापणंही तितक्याच पटींनी मोठं दिसतं. वयाबरोबर हात थोडा थरथरतोच. दहापट दुर्बीण ते थरथरणं दहापट करते. मग पिसांवरच्या रेघा दिसायच्या सोडून पक्षी नाचताना दिसतो. आठपट किंवा सातपट घ्यावी. कोपर छातीला टेकवून, झाडाला किंवा गाडीच्या टपाला टेकून बघितलं तर फरक लगेच कळतो. हात जास्तच कापत असेल तर सेन्सर लावून चित्र स्थिर करणाऱ्या दुर्बिणी मिळतात. महाग, जड आणि सेलवर चालणाऱ्या, पण काहींना त्यांनीच छंद परत मिळतो.

वजन ही दुर्लक्षित बाब. ८×४२ दुर्बीण साधारण सहाशे ते आठशे ग्रॅमची असते. दुकानात दोन मिनिटं हलकी वाटते, तीन तासांनी मान बोलू लागते. स्पाँडिलायटिस असेल तर ८×३२ बघावी. आणि गळ्यातल्या पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवरून जाणारा पट्टा घ्यावा, म्हणजे वजन मानेवर येत नाही. बोटं आखडत असतील तर फोकसचं चाक मोठं, पकडायला खरखरीत आणि सहज फिरणारं हवं. हे चाक म्हाताऱ्या डोळ्याला जास्त लागतं, कारण चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग जवळ-लांब जुळवून घेईनासं होतं आणि ते काम बोटांना करावं लागतं.

आता चष्मा. नुसती चाळिशी लागली असेल तर ती काढून बघावं, फोकस चाकाने जमतो. लघुदृष्टीचा साधा नंबरही चाक सांभाळून घेतं. पण सिलिंडरचा नंबर चांगलाच असेल तर दुर्बीण तो दुरुस्त करू शकत नाही, चष्मा घालूनच बघावं लागतं. अशा वेळी आय रिलीफ, म्हणजे आयपीसपासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर, निदान सोळा-सतरा मिमी हवं आणि रबरी कप आत वळवावा. नाहीतर दृश्य कडेने कापलं जातं. बायफोकल असेल तर वरच्या, लांबच्या भागातून बघायचं.

मोतीबिंदूबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. चांगल्या कोटिंगची दुर्बीण थोडी मदत करते. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग असले तर एक-तृतीयांश प्रकाश वाटेतच जातो आणि वर धुरकटपणा येतो तो वेगळा. १९३५ मध्ये झाइसमधल्याच स्माकुला यांनी यावर पातळ थराचा उपाय काढला, म्हणून आज ‘फुल्ली मल्टिकोटेड’ लिहिलेली दुर्बीण घ्यायची. पण ढगाळ झालेल्या डोळ्याला कुठलीही दुर्बीण उपाय नाही. पन्नास हजारांची दुर्बीण घेण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. ऑपरेशननंतर दोन डोळ्यांचे नंबर बदलतात, तेव्हा उजव्या आयपीसवरची डायऑप्टर रिंग पुन्हा जुळवून घ्यायची. ती न जुळवता दुर्बीण बिघडली म्हणून वर्षभर ठेवून देणारे लोक असतात.

दुकानात करायच्या दोन परीक्षा सांगतो. एक, दुर्बीण हातभर लांब धरून आयपीसमधल्या उजेडाच्या वर्तुळाकडे बघा. ते गोल आणि सगळीकडे सारखं उजळ हवं. कडा चौकोनी कापलेल्या आणि काळपट असतील तर लोलकाची काच हलकी किंवा लोलक लहान. दोन, आकाशाच्या पार्श्वभूमीवर तारेवर बसलेला कावळा बघा. त्याच्या कडेला जांभळी-हिरवी झालर जितकी कमी तितका रंगदोष कमी. ही दुसरी परीक्षा म्हणजे अ‍ॅबे नंबर प्रत्यक्ष डोळ्यांनी बघणं. आणि हो, चुकूनही सूर्याकडे दुर्बीण रोखू नका. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, ज्यांच्यासाठी घ्यायची त्यांना, त्यांच्या चष्म्यासकट, दुकानात न्या. सरप्राइज गिफ्टसाठी ही वस्तू नव्हे. आपले डॉ. सालिम अली १९८७ मध्ये नव्वद वर्षांचे होऊन गेले आणि उतारवयातही त्यांची पक्ष्यांमागची भटकंती चालू होती. छंद वयाने सुटत नाही. बऱ्याचदा तो सुटतो अंगाला न बसणाऱ्या साधनामुळे.

मालकाने कारखाना सोडला

अ‍ॅबेंच्या आयुष्याचा शेवटचा भाग मला सर्वांत मोठा वाटतो. ३ डिसेंबर १८८८ रोजी कार्ल झाइस वारले. कंपनी भरभराटीला आलेली, अ‍ॅबे श्रीमंत झालेले. त्यांचं म्हणणं असं, की हा पैसा एकट्याच्या बुद्धीचा नाही. विद्यापीठ, कारागीर, कामगार सगळ्यांचा त्यात हात आहे. मग एकट्याने तो का ठेवावा? १८८९ मध्ये त्यांनी झाइस यांच्या नावाने न्यास स्थापन केला, स्वतःच्या नव्हे. १८९१ मध्ये आपली भागीदारी त्या न्यासाला देऊन टाकली आणि झाइस यांच्या मुलाचा हिस्साही मोबदला देऊन न्यासाकडे आणला. मालक होता तो माणूस आता न्यासाचा पगारी संचालक झाला.

१८९६ मध्ये त्यांनी न्यासाची नियमावली लिहिली. त्यातली कलमं आजही वाचण्यासारखी आहेत. कामावर घेताना धर्म, कूळ, राजकीय पक्ष बघायचा नाही. पेन्शन, आजारपणात मदत, पगारी रजा. कामावरून काढलं तर भरपाई. आणि सर्वांत वरच्या अधिकाऱ्याचा पगार कामगाराच्या सरासरी कमाईच्या दहापटीपेक्षा जास्त असता कामा नये. विद्यापीठालाही नफ्याचा वाटा.

मग आला कामाच्या तासांचा प्रश्न. झाइसमध्ये नऊ तासांचा दिवस होता. १९०० मध्ये अ‍ॅबेंनी तो आठ तासांचा केला. लोकांना वाटलं, प्रोफेसर दयाळू आहेत, कंपनी बुडवणार. पण त्यांनी नुसती दया दाखवली नाही, मोजमाप केलं. कामगारांच्या आधीच्या आणि नंतरच्या कमाईचे आकडे ताडून पाहिले. तास कमी झाले, पण दिवसाचं काम कमी झालं नाही, उलट किंचित वाढलं. १९०१ मध्ये त्यांनी व्याख्यानांतून त्याचं कारणही मांडलं. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘नो-लोड लॉस’. यंत्र काही न करता नुसतं फिरत ठेवलं तरी शक्ती खातं. तसंच माणूस गोंगाटात, ताटकळत, लक्ष देऊन नुसता उभा राहिला तरी त्याची शक्ती जाते. तास वाढवले की हे नुकसान वाढतं, काम तितकं वाढत नाही. आणि रात्रीच्या विश्रांतीत जो थकवा भरून निघत नाही तो रोज थोडा थोडा साठत जातो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी म्हातारा झालेला बाप त्यांच्या डोळ्यांसमोर होता, हे त्यांनी त्या व्याख्यानात लपवलं नाही.

विचार केला तर दुर्बिणीचं आणि या आठ तासांचं गणित एकाच डोक्यातून आलेलं दिसतं. कागदावर मोठा आकडा काहीही असो, वीसपट असो की सोळा तास, माणसाला प्रत्यक्षात पोचतं किती आणि झेपतं किती, ते मोजा. साधन माणसाच्या मापाचं करा. माणसाला साधनाच्या मापाचा करायला गेलात तर दोन्ही वाया जातात.

स्वतःच्या बाबतीत मात्र अ‍ॅबेंनी हे गणित पाळलं नाही. वर्षानुवर्षं विद्यापीठ, कारखाना, वेधशाळा आणि न्यास हे सगळं एकदम ओढून त्यांची तब्येत ढासळली. १९०३ मध्ये त्यांना काम सोडावं लागलं. १४ जानेवारी १९०५ रोजी येनामध्ये त्यांचं निधन झालं. पासष्ट पुरी व्हायला नऊ दिवस कमी होते.

पुढे दोन महायुद्धं झाली. १९४५ नंतर जर्मनीबरोबर झाइसचेही दोन तुकडे झाले, एक पूर्वेला येनामध्ये आणि एक पश्चिमेला. देश एक झाल्यावर तेही पुन्हा जोडले गेले. एवढ्या उलथापालथीतही झाइस आणि शॉट या दोन्ही कंपन्या आजही त्याच न्यासाच्या मालकीच्या आहेत.

आपल्यातले बरेच जण उद्या काही ना काही वस्तू डिझाइन करतील. ती वापरणारा दरवेळी बावीस वर्षांचा, धडधाकट आणि चष्मा नसलेला असणार नाही. स्पेसिफिकेशन शीट भरताना एक रकाना त्याच्यासाठी मोकळा ठेवा. तूर्तास सुट्टीत घरी जाल तेव्हा कपाटातली ती जुनी दुर्बीण बाहेर काढा, तिच्यावरचे दोन आकडे वाचा, भागाकार करा आणि आजोबांच्या डोळ्यांना ती बसते का ते एकदा बघा.